दीड किलोचा चाप

अप्पा गेले त्याला तीन महिने झाले होते आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी दगडासारखी वागले त्याचं नवल वाटायला नको. वडील गेलेली मुलगी रडते. मी रडले नाही. तेराव्याला आलेल्या बायका माझ्याकडे बघत, मग आईकडे बघत आणि तोंडाला पदर लावून कुजबुजत. कुजबुजा मेल्यांनो, असं मनात म्हणायचे नि पंगतीत भात वाढायला जायचे. जेवायचे, झोपायचे, सकाळी डबा घेऊन आमच्या ह्या कानडी शहरातल्या शिवाजीनगरला बस पकडायचे. अप्पा गेल्यावरच मला बसवनगुडीतल्या एका ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागली होती. दिवसभर बोटं चालायची आणि संध्याकाळी कुणी विचारलं असतं की आज काय टाइप केलंस, तर एक ओळ सांगता आली नसती.

रविवारी मात्र मी रायफल क्लबात जायचे. कॉलेजात एनसीसीत असताना ती खोड लागली होती आणि अप्पांनी ती मोडली नाही. आई म्हणायची, पोरीला शिवणकाम शिकवा, बंदूक काय शिकवता? अप्पा हसायचे. शिवाजीनगरच्या बाजारामागे आमचं किराणाचं दुकान होतं, दुकानामागे घर. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते स्वतः क्लबात जाऊन माझ्यासाठी काडतुसांच्या डब्या घेऊन यायचे. परदेशी माल, महाग, तोही मिळेल तेव्हा मिळेल असा. "अप्पा, एवढ्या कशाला?" मी म्हणायचे. "विक्री बरी झाली," एवढंच म्हणायचे आणि धोतराला हात पुसून पुन्हा गल्ल्यावर बसायचे.

क्लबाची पॉइंट टू-टूची रायफल गोऱ्या साहेबांच्या वेळची. नळी अजून सोन्यासारखी, पण चाप असा की देवा नारायणा! बोटाने ओढायला लागलं की आधी स्वल्प सरकायचा, मग अडायचा, मग पुन्हा सरकायचा आणि नेम हलून गेल्यावर केव्हातरी सुटायचा. आदल्या वर्षी राज्याच्या संघाच्या निवडीत मी दोन गुणांनी राहिले. ते दोन गुण त्या चापाने खाल्ले, हे मी अजूनही शपथेवर सांगेन. घरी येऊन मी पायातली चप्पल भिंतीवर फेकली होती. अप्पा चप्पल उचलून म्हणाले होते, "पुढल्या वर्षी तुझं नाव येणार. मी सांगतो ना."

पुढलं वर्ष आलं आणि अप्पा नव्हते. मला संघात यायचं होतं. ते असताना मला ज्या ज्या गोष्टी हव्याशा वाटायच्या, त्यातली एवढीच एक शिल्लक राहिली होती. बाकीच्या कुठे गेल्या कोण जाणे. ही पण गेली असती तर मी नुसती टाइप करणारी बोटं उरले असते. म्हणून मी अण्णाला म्हटलं, "त्या चापाचं काहीतरी कर."

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. सरकारी कारखान्यात टूलरूममध्ये फिटर. केसाचे दहा भाग करून त्यातला एक घासून काढायचा म्हटलं तरी तो आधी चष्मा पुसेल आणि मग खरंच काढेल, असा माणूस. त्याच्या खात्यात पुण्याहून आलेले दोन इंजिनियर होते, ते त्याच्या मराठीला हसायचे. हा 'बरं'च्या जागी कानडी 'सरी' घालून "सरी, मग करू या" म्हणायचा, आणि त्यांना वाटायचं हा विनोद करतोय. पण काम अडलं की दोघंही याच्याच टेबलाशी यायचे.

क्लबाच्या सेक्रेटरींनी परवानगी दिली. लष्करातून निवृत्त झालेले कॅप्टन होते, कुणाशीही हिंदी मिसळूनच बोलायचे. एकच अट घातली. स्पर्धेचा नियम असा होता की रायफल नळी वर करून सरळ उभी धरायची, चापाला दीड किलोचं वजन अडकवायचं आणि जमिनीवरून उचलायचं. वजन उचललं गेलं पाहिजे, चाप सुटता कामा नये. सुटला तर चाप फार हलका, रायफल बाद. "बाकी जो करना है करो," कॅप्टन म्हणाले, "पण दीड किलोच्या खाली गेलात तर मी काही करू शकणार नाही."

रायफल घरी न्यायची नव्हती, म्हणून तीन रविवार अण्णा हत्यारांची पिशवी घेऊन क्लबाच्या शेडमध्ये बसला. मी समोर स्टुलावर. त्याने रायफल उघडून आतले भाग जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. चापाचा आतला दात आणि त्याच्यावर टेकणारी खीळ, ह्या दोघांची पकड सुटली की गोळी सुटते. एवढंच असतं ते सगळं. ह्या रायफलीत दोघांचे चेहरे कानशीसारखे खरबरीत होते. अण्णाने तेलाचा दगड घेतला आणि घासायला लागला. चार वेळा घासायचं, पुसायचं, उजेडात धरायचं, पुन्हा चार वेळा. मी म्हटलं, "अरे, जरा जोरात घास की." तर म्हणतो, "पोलादाचं वरचं कातडंच तेवढं कडक असतं गं. ते गेलं की आत सगळं मऊ." आणि पुन्हा चार वेळा.

दुसऱ्या रविवारी त्याने जुनी स्प्रिंग काढून नवी बसवली, पियानोच्या तारेची, स्वतः वळलेली. चापाची बोट टेकायची पातसुद्धा नवी केली आणि तिला दोन बारीक स्क्रू बसवले. एकाने चाप जड-हलका करायचा, दुसऱ्याने तो सुटल्यावर पुढे धावू नये म्हणून थांबवायचा. तिसऱ्या रविवारी रिकामी रायफल माझ्या हातात दिली. मी चाप ओढला. अगं बाई! सरकणं नाही, अडणं नाही. काच तडकावी तसा तो सुटला. मला आनंद व्हायला हवा होता. "चांगला झालाय," मी म्हटलं. अण्णाने माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून दगड पुसायला लागला.

आता वजनाचा प्रश्न. संघटनेचं पितळी वजन निवडीच्या दिवशीच कपाटातून बाहेर यायचं, एरवी कुलपात. अण्णा म्हणाला, "कारखान्यातून प्रमाणित वजन आणतो. फोरमनला विचारावं लागेल."

"कशाला?" मी म्हटलं. "अप्पांची मापं आहेत की घरात."

अप्पा गेल्यावर दुकान बंद करताना तागडी आणि वजनं गोणपाटात बांधून आम्ही माजघरात ठेवली होती. तीन वर्षांपूर्वी शेर जाऊन किलो आला तेव्हा अप्पांनी नवी कोरी लोखंडी वजनं घेतली होती. त्या वेळी बाजारात सगळीकडे नुसता गोंधळ. शेराच्या हिशेबाने मागायचं आणि किलोने घ्यायचं, गिऱ्हाइकाला कळेना आणि दुकानदाराला कळत असून कळेना. पण आमच्या गल्लीत लोक म्हणायचे, त्या मराठ्याच्या दुकानात जा, तो माप मारत नाही. शेजारची अक्का तर तेराव्याला माझा हात धरून म्हणाली होती, "तुझ्या अप्पांचं माप म्हणजे माप गं. देवाने येऊन तागडी धरली असती तरी तेवढंच भरलं असतं." तेव्हाही मला काही वाटलं नव्हतं, पण ते वाक्य लक्षात राहिलं होतं. कॉलेजात असताना मी स्वतः त्या तागडीवर बसायचे. अक्काला तूरडाळ मीच मोजून द्यायचे.

अण्णाने एक किलो आणि अर्धा किलो अशी दोन वजनं आणली, तारेने एकत्र बांधली, तारेचाच आकडा केला. मी रायफल उभी धरली, त्याने आकडा चापाला लावला. स्क्रू फिरवत फिरवत त्याने असं जमवलं की वजन उचललं जाई, पण चाप सुटत नसे.

"स्वल्प जास्त ठेवतो," तो म्हणाला. "पाव फेरा. खबरदारी म्हणून."

"नको."

"अगं, पाव फेरा फक्त."

"एक केससुद्धा नको! गेल्या वर्षी मी दोन गुणांनी राहिले ते विसरलास? दीड म्हणजे दीड. का, अप्पांच्या मापावर तुझा विश्वास नाही?"

हे मी बोलले. माझ्या तोंडाला हाड नाही, हे आई लहानपणापासून सांगत आली आहे. अण्णाने स्क्रूवर लाखेचा ठिपका दिला, हलू नये म्हणून.

निवडीच्या दिवशी सकाळी रांग लागली होती. म्हैसूरहून, हुबळीहून माणसं आलेली, बायका आम्ही तिघीच. टेबलाशी कॅप्टन आणि त्यांच्यापुढे पितळी वजन, चकचकीत, वर आकडा, एकाच तुकड्याचं दीड किलो. माझी पाळी आली. मी रायफल उभी धरली, त्यांनी आकडा लावला, मी हळू उचलली.

टक्.

"फिर से," कॅप्टन म्हणाले.

पुन्हा टक्. तिसऱ्यांदा पुन्हा टक्. वजन जागचं हललंसुद्धा नाही.

नियमाने तीन वेळा संधी असते. कॅप्टननी पेन उचललं. रांगेतले लोक मान उंचावून बघायला लागले. दुसरी एखादी मुलगी रडली असती. मी म्हटलं, "सार, तुमचं वजन जड आहे."

त्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मी पुन्हा म्हटलं, हिंदीत, मोठ्याने, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं, "आपका वजन गलत है. हमने मेरे पिताजी के वजन से किया है. पूरे शिवाजीनगर में पूछ लीजिए, किसका माप सही था." मागे कुणीतरी हसलं. मी वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो बुटाची लेस बांधायला लागला.

कॅप्टन भला माणूस. दुसरा असता तर हाकलून दिलं असतं. ते म्हणाले, "वो वजन है आपके पास?"

होतं. अण्णाच्या हत्यारांच्या पिशवीत ती दोन वजनं तारेने बांधलेली तशीच होती. अण्णाने ती काढली. तिथे तागडी नव्हती, तर त्याने रायफल साफ करायची लांब सळई घेतली, बरोबर मध्यावर दोरी बांधली, शेडच्या खिळ्याला टांगली आणि दोन्ही टोकं नुसत्या डोळ्याने जुळवून सळई आडवी केली. टूलरूमचा माणूस. एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला अप्पांचं. मग हात सोडला.

पितळी वजन खाली गेलं. अप्पांचं वर आलं. टोकं बदलून बघितलं, तरी तेच.

मी म्हटलं, "म्हणजे तुमचं जड आहे, मी सांगितलं ना." माझा आवाज अगदी शांत होता.  अण्णाने तार सोडली, एक किलोचं वजन हातात घेतलं आणि उलटं केलं. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरून वजन बरोबर करतात आणि त्या शिशावर सरकारी शिक्का मारतात. ह्या भोकात वरवर शिशाचा पातळ पापुद्रा होता, शिक्क्यासकट. अण्णाने अंगठ्याच्या नखाने तो टोकरला. तो बिस्किटाच्या पापुद्र्यासारखा उचलला गेला. खाली काळी लाख भरलेली होती. अर्धा किलोच्या वजनातही तेच निघालं.

कॅप्टननी ते बघितलं. रांगेतल्या पुढच्या चारपाच जणांनीही बघितलं. कॅप्टन घसा खाकरून म्हणाले, "पुराना लोहा है. घिस जाता है." तीन वर्षांत लोखंड झिजून त्याची लाख होते हे मला तरी कुणी शिकवलं नव्हतं, पण त्या माणसाने ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, त्याबद्दल मी आजही त्यांचे उपकार मानते. मग त्यांनी घड्याळ बघितलं. "तपासणी अकरा वाजेपर्यंत आहे. चाप दुरुस्त करून पुन्हा रांगेत उभं राहता येतं. नियमात आहे."

नियमात होतं की नाही, देव जाणे. अण्णाने स्क्रूवरचा लाखेचा ठिपका खरवडला. स्क्रूची खाच त्याला दोनदा चुकली. केसाचे दहा भाग करणाऱ्या माणसाला! त्याने अर्धा फेरा दिला, मग आणखी पाव. पितळी वजन उचललं गेलं. चाप टिकला. कॅप्टननी माझ्या कागदावर सही केली.

त्या दिवशी मी आयुष्यातली सगळ्यात चांगली नेमबाजी केली. अभिमानाने सांगत नाही. मी चटईवर पालथी पडले, दस्ता खांद्याला लावला, आणि माझ्या आत काहीही नव्हतं. भीती नाही, घाई नाही, लाज नाही. एक गोळी, मग दुसरी. जड केलेला चापसुद्धा काचेसारखा सुटत होता. दुपारी फळ्यावर नावं लागली. चार जणांच्या संघात माझं नाव तिसरं होतं. लोक येऊन हात मिळवत होते. "कंग्रॅच्युलेशन्स," मी पण त्यांनाच म्हणत होते.

अण्णाने सायकल हातात धरून आणली, मी बाजूने चालत. अर्ध्या वाटेवर तो म्हणाला, "आईला सांगायचं नाही हां. नाव लागलं तेवढंच सांग."

"सरी," मी म्हटलं.

आई माजघरात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. अण्णा सायकल लावायला मागे गेला तेवढ्यात मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "अप्पांच्या वजनात लाख भरली होती."

आईने एक खडा उचलून बाजूला टाकला. "कळलं का शेवटी," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"माझ्याच चुलीवर वितळवली ती लाख. मला माहीत नसेल तर कुणाला?"

अण्णा दारात येऊन उभा राहिला होता. आईने त्याच्याकडे बघितलंही नाही, ती माझ्याशीच बोलत होती. आवाज चढलेला नाही, रडवेला नाही. आज भाजीवाला आला नाही म्हणून सांगावं तसं सांगत होती. "वीस वर्षं शेराने मोजलं, गुंजभर मारलं नाही त्यांनी कधी. लोक म्हणायचे ते खोटं नव्हतं. किलो आला, नवी वजनं आली, आणि त्याच साली तुझं ते क्लबात जाणं सुरू झालं. मी म्हटलं होतं त्यांना, हे आपल्याला झेपायचं नाही. नाकापेक्षा मोती जड. तर म्हणाले, पोरीचा हात चांगला आहे. ती काडतुसं कुठून येत होती असं वाटलं तुला? विक्रीतून? ह्या गल्लीत विक्री वाढून वाढून किती वाढणार?"

माझ्या डोळ्यांसमोर शेजारची अक्का उभी राहिली, पिशवीचं तोंड उघडं धरून. डाळ घालणारी मी. माझ्या हाताने, तीन वर्षं. आणि तेराव्याला तीच बाई माझा हात धरून...

 तीन महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं. राग होता तो, नुसता जाळ. "मला सांगायचं होतं की!" मी ओरडले. "मला विचारायचं होतं! मी मागितली होती का काडतुसं? मी म्हटलं होतं का कुणाच्या पोटावर पाय द्या म्हणून?"

"विचारलं असतं तर?" आई म्हणाली. "नको म्हणाली असतीस?"

 आईशी भांडणात हरायला लागले की मी लहानपणापासून जे करत आले तेच केलं. दुकानाच्या दाराकडे वळले आणि ताडकन हाक मारली, "अप्पा! आधी इकडे या तुम्ही!"

 अण्णाने मान खाली घातली. दुकानाचं दार लागलेलं होतं, कडीला कुलूप होतं, आणि मी त्या दाराकडे बघत उभी राहिले. आता ते येतील, धोतराला हात पुसतील, आणि मी त्यांच्याशी अशी भांडेन की गल्ली गोळा होईल. किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. मग आईने सूप खाली ठेवलं, उठून आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा मला कळलं की मी रडतेय.